काठावरचं कापड

पोहण्याच्या स्पर्धेत पाण्यात जेवढं कापड उतरतं, त्याच्या दसपट काठावर पसरलेलं असतं. पोराच्या अंगावर काय, एक कॉस्च्युम, एक टोपी, एक गॉगल. काठावर बघाल तर पाठीवर जिल्ह्याचं नाव छापलेले टी-शर्ट, उन्हात चमकणाऱ्या पॉलिस्टरच्या ट्रॅकपँट, कुणाचे पायमोजे, कुणाच्या बापाचा जुना स्वेटर, उलट्या पडलेल्या रबरी चपला आणि टॉवेल. टॉवेल तर इतके, की परगावचा माणूस विचारतो, इथं विकायला बसलेत काय? सोलापूरकराला टॉवेल विकत घ्यावा लागत नाही अशी बाहेर समजूत आहे आणि ती अगदीच खोटी नाही. बहुतेकांच्या नात्यागोत्यात कुणीतरी मागावर, वार्पिंगला, शिलाईला, गाठी बांधायला नाहीतर हिशेबाला बसलेलं असतं. सेकंडचा माल त्या वाटेनं घरोघरी पोचतो. कड वाकडी गेलेला, एका बाजूची पट्टी फिकट उतरलेला टॉवेल आमच्या घरात पाहुण्यालाही दिला जातो आणि पाहुणाही काही म्हणत नाही.

शाळेत असताना मी पोहायचे. जिल्हा आणि विभाग, एवढीच माझी धाव. आता शालेय स्पर्धांना स्टॉपवॉच घेऊन लेनच्या टोकाला उभी राहते. शर्यत मिनिटभराची, वाट बघणं मात्र तासन् तास. त्या वेळात पोरं समोरच असतात, त्यामुळं त्यांचे कपडे बघण्याची सवय लागली. भाची पोहायला लागल्यापासून तर ती सवय वाढलीच.

एप्रिलमध्ये आमचा पारा चाळिशी कधीच ओलांडून गेलेला असतो, आणि तरी सकाळच्या सरावानंतर तलावातून बाहेर आलेलं पोर थडथडा कापतं. दात वाजतात, ओठ जांभळे पडतात. नवे पालक घाबरतात, ताप भरला की काय म्हणून कपाळाला हात लावून बघतात. हवा कोरडी असली की ओल्या अंगावरचं पाणी झपाट्यानं उडून जातं आणि जाताना अंगातली उष्णता घेऊन जातं. माठ गार होतो तसं पोर गार होतं. मुंबईच्या दमट हवेत हे एवढं जाणवत नाही. आमच्याकडं हवा जितकी कोरडी आणि वारा जितका सुटलेला, तितकी हुडहुडी जास्त. शर्यतीला उतरणाऱ्याला हे परवडत नाही. वॉर्म-अप करून अंग मोकळं केलेलं असतं, हीट, म्हणजे आपल्या गटाची फेरी, पुकारायला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि तोवर गार पडलेले खांदे घेऊन ब्लॉकवरून उडी मारावी लागते. म्हणून काठावरचे कपडे. बाहेरच्या देशांत मोठे जलतरणपटू गुडघ्याच्याही खाली येणारे, आत उबदार अस्तर लावलेले कोट घालून फिरतात. पार्का म्हणतात त्याला. पुण्यात बालेवाडीला राज्य स्पर्धेच्या वेळी मोठ्या शहरांतल्या काही पोरांच्या अंगावर असे कोट दिसतात.

आमची पोरं सोलापुरी चादर गुंडाळून बसतात. घरून आई देते. एका चादरीत दोघी, कधी तिघी, बाहेर फक्त टोप्या घातलेली डोकी. पहिल्यांदा बघणाऱ्याला हसू येतं. येऊ दे. जाड सुती चादर वारा अडवते, ओल झाली तर पिते, उन्हात टाकली की वाळते आणि परतीच्या एसटीत पांघरायलाही होते. तो अस्तराचा कोट मे महिन्यात आमच्या सात रस्ता चौकातून कुणी घालून जाऊन दाखवावा, मी त्याला आइस्क्रीम देईन.

टॉवेलबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगितलं पाहिजे. माझे वडील एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहायचे. सुट्टीत त्यांचा डबा द्यायला गेले की मी मागांच्या खडखडाटात उभी राहायचे. कानाला काही ऐकू यायचं नाही, पण हातानं खुणा करून एका जॉबरनं, म्हणजे मागांवर देखरेख करणाऱ्यानं, मला टॉवेल कसा होतो ते दाखवलं होतं. टेरीच्या मागावर उभ्या धाग्यांचे दोन बीम, म्हणजे धागे गुंडाळलेले रूळ, असतात. एक ताठ ताणलेला, त्यातून कापडाचं अंग तयार होतं. दुसरा ढिला सोडलेला. आडवे दोन धागे फणी अर्धवटच पुढं ढकलते. तिसऱ्याला पूर्ण ठोका बसतो, तिन्ही धागे एकदम सरकतात, आणि ढिल्या बीमचा धागा वर उचलला जाऊन त्याचा फास उभा राहतो. टॉवेलभर असे फासच फास. कापसाला मुळात पाण्याची ओढ, त्यात या फासांमुळं पाण्याला भिडणारं त्याचं अंग कितीतरी वाढतं. नवाकोरा टॉवेल पाणी टिपत नाही अशी गिऱ्हाइकांची नेहमीची तक्रार असते. त्यावरचा मऊपणा फिनिशिंगमध्ये चढवलेला असतो. दोन-चार धुण्यांत तो निघून गेला की टॉवेलला खरी तहान लागते. म्हणून स्पर्धेला कुणी शहाणी आई नवा टॉवेल देत नाही. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि आमच्या तलावाच्या काठावर ही दोन्ही मानांकनं चिखलात पडलेली असतात.

अलीकडं पोरांच्या बॅगेत शॅमी दिसते. हातभर लांबीचा, ओलसरच ठेवायचा एक तुकडा. अंग पुसायचं, पिळायचं, पुन्हा पुसायचं. हे खरं डायव्हिंग करणाऱ्यांचं साधन. हवेत अंग मुडपून गुडघे धरताना ओल्या नडगीवरून हात सटकला तर कोलांटीच फसते, म्हणून ते प्रत्येक उडीआधी हातपाय कोरडे करतात आणि शॅमी वरूनच खाली फेकून देतात. पोहणाऱ्यांनी ती उचलली, कारण बॅगेत जागा कमी लागते. पण तिला गुंडाळून बसता येत नाही, तिच्याआड कपडे बदलता येत नाहीत. टॉवेलचं निम्मं काम तर तेच आहे.

आमच्या गावाची सगळी हुशारी अशी कापडाला पाणी पाजण्यात गेली. पाण्यातल्या शर्यतीला नेमकं उलटं कापड लागतं, पाणी न पिणारं.

आजोळी विहिरीत पोहायला शिकताना पाठीला वाळलेला भोपळा किंवा पत्र्याचा रिकामा डबा बांधायचे. पोरं चड्डीवर, मोठी माणसं लंगोटावर. आम्ही मुली परकरात. परकर पाण्यात पडला की आधी हवेनं फुगतो आणि घटकाभरात भिजून पायांत गुंततो. त्याला ओढत ओढत पायरीपर्यंत यायचं. सुती कापड भिजलं की किती जड होतं हे ज्यानं ओला परकर पिळलाय त्याला वेगळं सांगायला नको. शहरातल्या तलावांवर पाटी असते, सुती कपड्यांत पोहण्यास मनाई. लोकांना वाटतं हा शिष्टपणा आहे. कापसाची तुसं सुटतात आणि ती जाऊन फिल्टरमध्ये बसतात, कारण एवढं साधं आहे. टॉवेलच्या गावात तुसांबद्दल शंका घेणारी माणसं सापडावीत याचंच मला नवल वाटतं.

गोऱ्या लोकांनी तर लोकर नेसून शर्यती मारल्या. गेल्या शतकाच्या सुरुवातीला तिकडं पोहण्याचे पोशाख लोकरीचे असत. पावसात भिजलेली घोंगडी ज्यानं उचलून पाहिलीय त्याला त्यांच्या हालांची कल्पना येईल. बायकांच्या पोहण्याच्या शर्यती ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा झाल्या त्या १९१२ साली, स्टॉकहोमला. त्यानंतर दोनच वर्षांनी सिडनीत अलेक्झांडर मॅक्रे नावाच्या स्कॉटिश माणसानं होजिअरीची गिरणी काढली. तिथं पुढं पोहण्याचे पोशाख विणले जाऊ लागले आणि १९२८ मध्ये त्यांना स्पीडो हे नाव मिळालं. नवलाई होती ती पाठीत. दोन्ही पट्ट्या मध्यावर एकत्र आणल्या, खांद्यांची पाती उघडी टाकली, हात फिरायला मोकळा झाला. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्लेअर डेनिस ही ऑस्ट्रेलियाची सोळा वर्षांची पोरगी तो पोशाख घालून उतरली तेव्हा तिच्या खांद्यांची पाती जरा जास्तच दिसतात अशी हरकत निघाली. तिला बाद केलं नाही हे नशीब. तिनं २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं सुवर्ण जिंकलं.

पुढं पन्नासच्या दशकात नायलॉन आलं. १९५८ मध्ये ड्यू पाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्सनं ताणून पुन्हा जागेवर येणारा धागा शोधला, तोच आपल्या कॉस्च्युममधला स्पँडेक्स किंवा इलास्टेन. मग बरीच वर्षं पोशाख आखूड आणि पातळ होत गेला. २००० च्या सिडनी ऑलिंपिकच्या सुमाराला वारं फिरलं. अंग झाकणारे पोशाख परतले, या वेळी वेगासाठी. ऑस्ट्रेलियाचा इयान थॉर्प मनगटापासून घोट्यापर्यंत काळ्या सुटात उतरला. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट, त्यात अंगाचा थरथरणारा प्रत्येक भाग वेग खातो. तो आवळून धरणारं आणि ओलं न होणारं कापड मिळालं तर सेकंदाचे शतांश वाचतात. फेब्रुवारी २००८ मध्ये स्पीडोचा एलझेडआर रेसर आला. नासाच्या वायुबोगद्यात कापडं तपासलेली, शिवण सुई-दोऱ्याची नाही तर अल्ट्रासाऊंडनं जोडलेली, वर पॉलियुरेथेन या रबरासारख्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या. त्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकला पोहण्यात २५ जागतिक विक्रम झाले, त्यांतले २३ या सुटात.

यातली मला गमतीची वाटते ती कापडाची बाजू. रोजचा कॉस्च्युम होजिअरीचा, म्हणजे सुयांवर विणलेला. धाग्याचे फास एकमेकांत अडकवलेले असतात म्हणून तो चारी बाजूंनी ताणतो. एलझेडआरचं कापड मागावरचं होतं, उभ्या-आडव्या धाग्यांचं, नायलॉन आणि इलास्टेनचं. मागावरचं कापड हलकं आणि पातळ करता येतं, ताणतं कमी आणि आवळतं जास्त. इतकी वर्षं होजिअरीच्या ताब्यात असलेल्या धंद्यात तोवरचा सगळ्यात वेगवान सूट शेवटी मागावर तयार झाला, हे वाचून सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या वस्तीत, वाढलेल्या माणसाला उगाचच बरं वाटतं.

२००९ साली प्रकरण हाताबाहेर गेलं. इतर कंपन्यांनी जवळजवळ पूर्ण पॉलियुरेथेनचे सूट काढले. ते हवा धरून ठेवायचे, अंग पाण्यावर उचललं जायचं. रोमच्या जागतिक स्पर्धेत ४३ विक्रम मोडले. जर्मनीच्या पॉल बिडरमाननं २०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये अमेरिकेच्या मायकेल फेल्प्सला मागं टाकून १ मिनिट ४२.०० सेकंद वेळ नोंदवली. सुटाचं श्रेय किती आणि माणसाचं किती हा वाद तिथंच पेटला आणि तो विक्रम पुढं दीड दशकाहून जास्त टिकला. अखेर आंतरराष्ट्रीय महासंघानं, तेव्हाच्या फिनानं, १ जानेवारी २०१० पासून नियम बदलले. पुरुषांनी बेंबीच्या खालपासून गुडघ्यापर्यंत, बायकांनी खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. चेन नको. जाडी ०.८ मिलिमीटरच्या वर नको. एका वेळी एकच सूट. आणि कापड हे कापडच असलं पाहिजे, म्हणजे सुटे धागे मागावर किंवा सुयांवर विणून किंवा गुंफून केलेलं. जगातल्या पोहण्याच्या कारभाऱ्यांना कापड कशाला म्हणायचं हे नियमात लिहावं लागलं. आमच्या जॉबरला विचारलं असतं तर त्यानं बिडी न विझवता सांगितलं असतं. नवा नियम लागू झाल्याच्या त्याच वर्षी कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनं ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य मिळवलं. पोहण्यातलं आपलं आशियाई पदक चोवीस वर्षांनी आलं होतं.

आता हे शर्यतीचे सूट आपल्याकडंही मिळतात. ते घालणं हा वेगळाच कार्यक्रम असतो. सूट दिसायला सात-आठ वर्षांच्या पोराला येईल एवढा आणि आत शिरणार सतरा वर्षांची मुलगी. आधी पायाला प्लॅस्टिकची पिशवी चढवायची म्हणजे कापड घसरतं, मग चिमटीत न धरता बोटांच्या पेरांनी इंच इंच वर सरकवायचं. नख लागलं तर वीस-पंचवीस हजारांना भोक. मदतीला आलेल्या आया बांगड्या काढून पर्समध्ये ठेवतात, अंगठ्या काढतात. एकीनं तर कडेची भिंत धरून मुलीला उभं केलं आणि मागून ओढताना स्वतःच मटकन खाली बसली. पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. आणि एवढं करून सूट टिकतो मोजक्याच स्पर्धा, मग त्याचा आवळपणा जातो.

टोपीचं दुखणं वेगळं. आमच्याकडं मुलींचे केस लांब आणि रविवारी डोक्याला तेल हवंच. तेलकट केसांवर टोपी ठरत नाही आणि तलावावर तेलाची तवंगं येतात म्हणून कोच ओरडतात. दोन वेण्या डोक्याभोवती फिरवून आकड्यांनी बसवायच्या, टोपीत टाल्कम पावडर टाकायची आणि दोघींनी मिळून ती खाली ओढायची. मोठ्या शर्यतीत नियम दोन टोप्यांना परवानगी देतो. आतली टोपी, तिच्यावर गॉगलचा पट्टा, वर दुसरी टोपी, म्हणजे उडी मारताना गॉगल निसटत नाही. गॉगल ऑलिंपिकमध्ये चालायला लागले तेच १९७६ पासून. त्याआधी सगळे उघड्या डोळ्यांनी पोहत. बीजिंगला २०० मीटर बटरफ्लायमध्ये फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी शिरलं, पुढचं दिसेनासं झालं आणि हातांची आवर्तनं मोजत मोजत त्यानं विक्रम केला. हा किस्सा पोरांना सांगितला की ती लगेच आपापला पट्टा तपासतात. दाट, कुरळ्या, मोठ्या केसांसाठी केलेली सोल कॅप नावाची टोपी महासंघानं २०२१ मध्ये नामंजूर केली होती, डोक्याच्या नैसर्गिक आकाराला धरून नाही म्हणून. बराच गदारोळ झाला आणि २०२२ मध्ये तिला मान्यता मिळाली. आमच्या अंबाड्यांचा विचार अजून कुणी केलेला नाही.

या सगळ्यापेक्षा मला जास्त सांगायचंय ते कपडे बदलायच्या खोलीपासून ब्लॉकपर्यंतच्या चालण्याबद्दल. पंचवीस-तीस पावलं असतील. मुलगा ती पावलं टॉवेल खांद्यावर टाकून चालतो, मधे कुणाला तरी टपली मारतो. मुलगी पाचवी-सहावीपर्यंत तशीच चालते. सातवी-आठवीत एक दिवस ती टॉवेल काखेत गुंडाळून, गुडघ्यापर्यंत घेऊन येते, ब्लॉकच्या मागं उभी राहते आणि शिट्टी वाजेपर्यंत सोडत नाही. शर्यत संपली की पाण्यातच थांबते, मैत्रिणीनं टॉवेल कडेला आणून दिल्याशिवाय वर येत नाही. मी तशीच होते. माझी वेळ लिहून घेणारे सर ‘ये की वर, पुढची हीट लावायचीय’ म्हणायचे आणि मला त्यांना कारण सांगता यायचं नाही. आणि मग एका वर्षी ती मुलगी येतच नाही. कोचला घरचे सांगतात, अभ्यास आहे, दहावी आहे. अभ्यास असतोही. पण भिंतीवर रांगेनं बसलेले लोकही असतात, शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरही असतात, आणि कुणाच्या तरी काकांनी घरी येऊन काहीतरी म्हटलेलं असतं.

आमच्या वेळी दुकानात मुलींसाठी झालर लावलेला, फ्रॉकसारखा कॉस्च्युम मिळायचा. आईनं तोच घेऊन दिला. ती झालर पाण्यात अशी काही मागं ओढायची की प्रत्येक लांबीला कुणीतरी कमरेला धरलंय असं वाटायचं. आता जो गुडघ्यापर्यंतचा कॉस्च्युम मिळतो तो वेगाच्या हव्यासापोटी लांब झालेला आहे, मुलींची लाज राखावी म्हणून तो कुणी काढलेला नाही. पण आमच्याकडं तो दुसऱ्याच कामाला आला. शर्यतीचा महागडा सूट राहू दे, त्याच आकाराचा साधा पॉलिस्टरचा सरावाचा कॉस्च्युम हजार-दीड हजारात येतो, आणि तो घालणाऱ्या मुली नववीतही येताना मला दिसतात. यात कापडाचा वाटा किती आणि बदललेल्या घरांचा किती हे मला सांगता यायचं नाही. तलावाच्या खोल्यांचा मात्र वाटा आहेच. एका तलावावर मुलींच्या खोलीला बरेच दिवस आतून कडी नव्हती. दोघी कपडे बदलायच्या, तिसरी दाराला पाठ लावून उभी राहायची, तिची हीट पुकारली की दार उघडं.

घरी आल्यावर कॉस्च्युमचा खरा वनवास सुरू होतो. तलावाच्या पाण्यातलं क्लोरीन इलास्टेनचा धागा हळूहळू खातं, म्हणून बाहेर आल्या आल्या तो साध्या पाण्यात खळबळून काढायचा. ज्या गावात नळाला तीन-चार दिवसांनी पाणी येतं तिथं ही बादली कुठून काढायची यावर घरात रोज बोलणं होतं. बहीण भांडी विसळायच्या आधीचं अर्धं घमेलं भाचीला देते आणि तेच पाणी मग कुंडीला जातं. त्यात पॉलिस्टरचे जे कॉस्च्युम असतात ते क्लोरीनला जास्त दाद देत नाहीत, हे आता सगळ्या आयांना पाठ झालंय. दुसरा शत्रू ऊन. आमच्या गच्चीवर दुपारी टाकलेला कॉस्च्युम महिन्याभरात पापडासारखा कडक झाला नाही तरच नवल, म्हणून तो सावलीत वाळवावा. सावली कुठली? तर दोरीवर आधी कॉस्च्युम टाकायचा आणि त्याच्यावर टॉवेल. उन्हापासूनही वाचतो आणि समोरच्या गॅलरीतल्या नजरांपासूनही. माझ्या आईनं मला हेच शिकवलं होतं, उन्हाचं कारण पुढं करून. बहीण अजून तसंच करते. भाचीनं परवा टॉवेल बाजूला सारून कॉस्च्युम चिमट्यानं सरळ टांगला. ‘मावशी, आत कोंदट वास येतो गं,’ म्हणाली. खरंच येतो.

त्याच भाचीला आता शर्यतीचा सूट हवा आहे. ती बारा वर्षांची आहे. राज्य स्पर्धेत तिच्या शेजारच्या लेनमधल्या मुलीला होता. अमेरिकेच्या पोहण्याच्या संघटनेनं सप्टेंबर २०२० पासून बारा आणि त्याखालच्या मुलांना असे सूट घालायला मनाई केली आहे, हे मी तिला सांगितलं. ‘आपण काय अमेरिकेत राहतो का?’ हे तिचं उत्तर. मला तो नियम पटतो. या वयात टर्न नीट मारला, भिंतीवरून पाय जोरात ढकलला तर सेकंद सेकंद वाचतात. शतांशासाठी बापाचा पगार कशाला? शिवाय हरलेलं पोर सुटाकडं बोट दाखवायला शिकतं आणि जिंकलेलंही. तोच पैसा चांगल्या गॉगलला, दोन सरावाच्या कॉस्च्युमना आणि बालेवाडीच्या जाण्या-येण्याला पुरून उरतो.

घरात यावर बैठक झाली. बहिणीनं मोबाइलवर सुटाचा फोटो दाखवला. माझी आई चष्मा लावून बराच वेळ बघत होती. गुडघ्यापर्यंत आहे म्हणजे बरंय, असं ती आधी म्हणाली. मग तिनं किंमत विचारली आणि चष्मा काढला. ‘एवढ्याशा चिंधीला? एवढ्यात टॉवेलच्या गाठी आल्या असत्या की गं.’ वडील कोपऱ्यातून म्हणाले, ‘गाठी नाही, एकच गाठ. हल्ली सूत महाग झालंय.’ त्यावरून त्या दोघांचं सुताच्या भावावर सुरू झालं आणि सुटाचा विषय मागं पडला. शेवटी भावजींनी तोडगा काढला, की सूट एकदा घेतला आणि सहा महिन्यांत आखूड झाला तर उपयोग काय, उंची वाढायची थांबली की घेऊ. भाचीनं ते मान्य केलं. दर महिन्याला ती दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं खूण करून घेते. गेल्या दिवाळीत ती आईच्या कानापर्यंत होती, आता आईच तिच्याकडं मान वर करून बघते.